'स्कॉफ' : टिंगल करणं आणि हादडणं, दोन्ही एकाच शब्दात कसं?

तापीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, चोपड्याहून नमस्कार.

सातवीतला पुतण्या काल इंग्रजी गोष्टीचं पुस्तक घेऊन आला. वाक्य होतं, 'टिम स्कॉफ्ड द होल केक'. शिकवणीत 'स्कॉफ म्हणजे टिंगल करणे' एवढंच पाठ करून घेतलेलं. त्यामुळे पोराच्या हिशेबाने टिमने अख्ख्या केकची टिंगल केली होती. मग पुढच्या ओळीत केक संपला कसा, आणि आई टिमवर का ओरडली, हे काही त्याला उमगेना.

शब्दकोश काढला. ब्रिटिश लोकांच्या घरगुती इंग्रजीत स्कॉफ म्हणजे अधाशासारखं खाणं, हादडणं. इथवर ठीक. पण मोठ्या कोशात हा शब्द दोनदा छापलेला असतो, स्कॉफ १ आणि स्कॉफ २. अशी वेगवेगळी नोंद केली की समजायचं, हे एका शब्दाचे दोन अर्थ नाहीत. हे दोन वेगळे शब्द आहेत, नाव तेवढं सारखं. एकाच शब्दाचे अर्थ असते तर एकाच नोंदीखाली १, २, ३ असे आकडे पडले असते.

टिंगलवाला स्कॉफ जुना. मध्ययुगीन इंग्रजीतला, बहुधा उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आलेला. नेदरलँड्सच्या किनाऱ्याकडच्या जुन्या फ्रिसियन भाषेतही चेष्टा या अर्थाचा त्याचा भाऊबंद सापडतो. खाण्याचा स्कॉफ त्या मानाने कालचा. स्कॉटलंडच्या बोलीत 'स्कॅफ' असं क्रियापद होतं, त्याचंच हे रूप, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसणारं. शिवाय 'स्कॉफ' म्हणजे जेवण, खाणं, असं एक नाम आहे, ते दक्षिण आफ्रिकेतल्या डच लोकांकडून आलं. डच भाषेत 'स्खॉफ्ट' म्हणजे दिवसाचा चौथा भाग. कामाच्या दिवसाचे चार तुकडे, तुकड्यागणिक खाणं, म्हणून वेळेचं नाव जेवणाला पडलं. आपण 'दोन टाइमची भाकर' म्हणतो तिथे वेळ अजून वेळच राहिली आहे, त्यांच्याकडे ती ताटात उतरली.

मराठीत अशी दोन शब्दांची टक्कर 'पीठ' या शब्दात झाली आहे. भाकरीचं पीठ 'पिष्ट'वरून आलं आणि विद्यापीठातलं पीठ म्हणजे आसन. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. जळगावचं विद्यापीठ १९९० साली निघालं तेव्हा आमचे आजोबा विचारायचे की तिथे दळण किती रुपये किलो. पुढची वीस वर्षं ते हाच विनोद करत होते.

तर प्रश्न असा, की टिंगल आणि हादडणं ही दोन्ही कामं करणारा मराठी शब्द आहे का? खानदेशी असला तर सोन्याहून पिवळं.

बिबडी

शब्दाचं माहीत नाही दादा, पण पाट्या आहेत. आमच्या स्टँडजवळ वर्षानुवर्षं 'उपहार गृह' अशी पाटी आहे. उपाहार म्हणजे नाश्ता, उपहार म्हणजे भेटवस्तू. काना खाल्ला. आणि उरलेल्या शब्दातला र रंग ओघळून स सारखा दिसायला लागला आहे. एकदा जाऊन मिसळ मागा, मालक ज्या नजरेने बघतो ते पाहता पाटी आता बरोबर झाली असं वाटतं.

फुनके_कढी

'उडवणे' घ्या की. खिल्ली उडवतात, टर उडवतात, रेवडी उडवतात. आणि श्रीखंडाचा फन्ना पण उडवतात. झालं काम. धागा बंद करा.

तापीकाठ

फुनकेताई, जवळ आलात पण अर्धच. त्यात सगळं वजन 'खिल्ली' आणि 'फन्ना' या शब्दांनी उचललं आहे, 'उडवणे' नुसतं हमाली करतंय. 'मी त्याला उडवलं' असं एवढंच म्हटलं तर लोक गाडीचा नंबर विचारतील. मला एकट्याने उभं राहणारं क्रियापद पाहिजे.

एरंडोलचे_मास्तर

तापीकाठ, मग 'झोडणे' घ्या आणि निवांत झोपा.

मेजवानी झोडणे. लग्नात लाडू झोडणे. आणि 'विरोधकांनी मंत्र्यांना झोडलं', 'समीक्षकांनी नाटक झोडलं'. कर्म नुसतं बदला, क्रियापद एकटं उभं आहे. 'त्याने लाडू झोडले' म्हणजे खाल्ले, 'त्याने लेखकाला झोडलं' म्हणजे सोलून काढला. अगदी तुमच्या टिमसारखं.

पण इथे गंमत वेगळी आहे, म्हणून जरा लांबवतो. इंग्रजीत दोन अनोळखी शब्द बाजारात एकमेकांना धडकले. आपल्याकडे धडक वगैरे काही नाही. शब्द एकच, आणि तो शेतातला आहे. उडीद-मूग वाळले की खळ्यावर पसरून काठीने झोडतात. शेंगा फुटतात, दाणा खाली राहतो, टरफल उडतं. वडिलांसोबत मी हे काम केलंय. पहिला अर्धा तास मजा वाटते, मग खांदे भरून येतात आणि गळ्यात कूस जाऊन खाज सुटते ती आंघोळीपर्यंत. या झोडण्यात तीन गोष्टी आहेत, जोर, सातत्य आणि समोरच्याची पर्वा नसणं. ताटावर तसा बसलेला माणूस दिसला की तो 'झोडतोय'. सभेत तसा बोलणारा दिसला की तोही 'झोडतोय'. अर्थ खळ्यावरून दोन दिशांना गेला.

आणि हे एकट्या झोडण्याचं नाही. यादीच बघा. दोन प्लेट भजी हाणली, आणि टोमणा हाणला. बासुंदीवर ताव मारला, जिलबीवर आडवा हात मारला, आणि शालजोडीतले मारले. पोटभर चोपलं म्हणतो आणि पोराला चोपलं पण म्हणतो. मराठी माणूस जेवायला बसला की हाणामारीचीच भाषा करतो. इतका की 'तुटून पडणे' हे शत्रूवर आणि पंक्तीवर दोन्हीकडे चालतं.

तेव्हा माझं मत असं, की इंग्रजीतला प्रकार अपघात आहे आणि मराठीतला स्वभाव आहे.

तापीकाठ

मास्तर, हे पटलं. साष्टांग. एकच शंका. झोडणे म्हणजे टीका, ठोकून काढणं. स्कॉफमध्ये जरा वेगळा रंग आहे. त्यात समोरच्याला किंमतच न देणं आहे. 'हॅ, हे काय शक्य आहे का' असं म्हणून नाक मुरडणं. आपल्या हेटाळणीच्या जास्त जवळ. झोडायला समोरचा निदान झोडण्याच्या लायकीचा तरी लागतो.

एरंडोलचे_मास्तर

मान्य. या रंगासाठी 'हाणणे' घ्या. टोमणा हाणणाऱ्याला समोरच्याची किंमत नसतेच.

सातपुड्याचा_वारा

मला हा अपघात वगैरे प्रकार पटत नाही. तोंड एकच आहे. त्याच तोंडाने माणूस खातो आणि त्याच तोंडाने दुसऱ्याला हसतो. 'तोंडसुख घेणे' हा शब्दच बघा! नवीन माणसाला वाटेल गुलाबजाम खाण्याबद्दल आहे. आणि प्रत्यक्षात कोणाची तरी बिनपाण्याने चाललेली असते. इंग्रजांनाही तोंडच आहे ना? मग दोन शब्द एकाच रूपाला आले ते उगीच कसे?

तापीकाठ

वारासाहेब, 'तोंडसुख' झकास, हे मला सुचायला पाहिजे होतं. पण कारण मात्र गळी उतरत नाही. शब्दाचा माग काढताना अर्थ जुळला म्हणून नातं जुळलं असं धरलं की कुठेही पोचता येतं. असाच एक जण मला म्हणाला होता की खाण्याचा स्कॉफ हा प्रसिद्ध फ्रेंच आचारी एस्कॉफिए याच्या नावावरून आला. ऐकायला किती छान! पण एस्कॉफिए जन्मला १८४६ मध्ये, आणि शब्द त्याच्या आधीपासून स्कॉट लोकांच्या तोंडात होता.

तुमचं म्हणणं एका जागी खरं असू शकतं. दोन शब्द योगायोगाने सारखे झाले, तरी पुढे ते एकमेकांना टिकवून धरायला मदत करत असतील. पण ते टिकण्याचं कारण झालं, जन्माचं नाही.

सातपुड्याचा_वारा

जन्मदाखले तुमच्याकडे ठेवा, मी तोंड माझ्याकडे ठेवतो.

अमळनेर_ते_अटलांटा

इकडे अमेरिकेत खाण्याच्या अर्थाने स्कॉफ फारसा ऐकू येत नाही. इथे 'स्कार्फ डाउन' म्हणतात. स्कॉफचंच पुढचं रूप आहे, विसाव्या शतकातलं. म्हणजे अजून एक टक्कर. गळ्यात घालायचा स्कार्फ वेगळा, हादडण्याचा वेगळा. ऑफिसात एकदा एक जण 'आय स्कार्फ्ड इट' म्हणाला तेव्हा मी त्याच्या गळ्याकडे पाहिलं होतं.

टिंगलवाल्या स्कॉफचा इथे एक नातू पण आहे, 'स्कॉफलॉ'. १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी होती आणि लोक ती धाब्यावर बसवून पीत होते. मॅसॅच्युसेट्समधल्या डेल्सेव्हर किंग नावाच्या दारूबंदीवाल्या श्रीमंताने स्पर्धा लावली. चोरून पिणाऱ्याला अशी एक शिवी शोधा की त्याची लाज निघेल. बक्षीस २०० डॉलर. पंचवीस हजारांवर नावं आली. जानेवारी १९२४ मध्ये निकाल लागला, स्कॉफलॉ. कायद्याला हसणारा. दोन जणांनी हाच शब्द पाठवला होता, म्हणून बक्षीस अर्धं-अर्धं वाटलं.

आणि लाज निघाली का? पॅरिसमधल्या एका बारने लगोलग त्याच नावाचं कॉकटेल काढलं. दारूबंदी १९३३ मध्ये उठली, शब्द मात्र राहिला. हल्ली तो पार्किंगचा दंड न भरणाऱ्यांना लावतात.

फुनके_कढी

म्हणजे हेल्मेट न घालता चौकातून गल्ली बदलणारे आमचे हे. शब्द मिळाला, आभारी आहे.

आखाजीचा_झोका

शब्द राहू द्या बाजूला. टिंगल आणि खाणं एकत्र बघायचं असेल तर पुस्तकं कशाला पाहिजेत, आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आहे ना.

माझं माहेर पारोळ्याकडचं. आखाजीला सासरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण 'बार' नव्या पोरींना माहीत नसेल. नदीच्या एका काठावर आमच्या गावच्या पोरी, समोरच्या काठावर शेजारच्या गावच्या. मधे मे महिन्यातली कोरडी नदी. आणि दोन्हीकडून एकमेकींच्या गावाचा, भावांचा, होणाऱ्या नवऱ्यांचा जो उद्धार व्हायचा तो इथे लिहिला तर संपादक धागा उडवतील. गाण्याच्या चालीवर, टाळ्या देऊन. समोरचीने एक ओळ फेकली की इकडून तिच्या वरताण ओळ गेली पाहिजे, ती सुचली नाही तर गाव हरलं. कधी दगडही जायचे, ते आम्हाला घरी सांगायची सोय नव्हती.

आणि घसा फाटून घरी आलं की चुलीवर खापर चढलेलं. पुरणपोळी हातावर फिरवत फिरवत मोठी करायची, रुमालाएवढी झाली की उलट्या खापरावर टाकायची. आमची आजी मधे पोळीकडे बघायची पण नाही, बोलत असायची आणि हात आपोआप फिरत असायचे. वाटीत नाही, परातीत आमरस. पोळी कुस्करून रसात बुडवायची आणि कोपरापर्यंत ओघळ येऊ द्यायचे. सकाळी जिच्या भावाला 'खायला काळ अन् भुईला भार' म्हटलं, तीच संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून आमच्याबरोबर रस ओरपायची, कारण ती आमच्या मावशीची पुतणी निघायची.

एकाच दिवशी, एकाच तोंडाने. वारादादांना माझं एक मत.

सातपुड्याचा_वारा

ताई, मत मिळालं. आता मी निवडणूक लढवतो.

दादरनी_भाकर

भाऊसहोन, अहिराणीमा लिखू का? लिखसच.

आमना गावले लगीनमा वरण-बट्टीनी पंगत ऱ्हास. बट्टी चुरी लेवानी, मधमा खड्डा करना, त्यामा वरण, वरथीन तूप. आनि संगे घोटेल वांगानी भाजी. पंगतमा बठना ना, का दोन कामं सुरू, खावानं आनि हासानं. कोन कितला खास ते समोरना मोजत ऱ्हास. एकजन म्हने, 'नाना, पत्रावळ सोडी दे, ती खावानी नही शे.' नाना काय म्हने? 'तुनी बट्टी बी इकडे दे, तुले बोलानं काम शे.'

शब्द कसाले पाहिजे, भो? पंगतच शब्द शे.

बिबडी

नाना जिंकले.

पुणेरी_पाहुणा

धागा सुंदर आहे. पण मधली पोस्ट कळली नाही, कृपया प्रमाण मराठीत लिहावे ही विनंती. असे मराठी वाचून गंमत वाटते.

आखाजीचा_झोका

'गंमत वाटते' म्हणजे नेमकं काय, पाहुणे? हे बघा, खरा स्कॉफ असाच असतो. शिवी नाही, अपशब्द नाही, नुसती भुवई. कॉलेजात असताना वसतिगृहात मी फोनवर आईशी अहिराणीत बोलले की बाजूच्या खोलीतल्या मुली तोच हेल काढून 'करी राहिनी का वं' म्हणायच्या. त्याच मुली दिवाळीनंतर माझ्या डब्यातल्या सांजोऱ्या मात्र प्रमाण मराठीत संपवायच्या.

एरंडोलचे_मास्तर

शांत व्हा मंडळी. पाहुणे, तुमच्या माहितीसाठी. ब्रिटिश काळात ग्रियर्सनने केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे हीच अहिराणी, वेगळी नोंदली आहे, ती नवव्या खंडात भिल्ल भाषांबरोबर आहे, १९०७ सालचा भाग. तिला मराठीची बोली म्हणावं की काय यावर तज्ज्ञांत वाद आहेत, ते असू देत. बिघडलेली मराठी मात्र ती नाही. 'शे' म्हणजे आहे, '-मा' म्हणजे -मध्ये, '-ले' म्हणजे -ला. एवढ्यावर ती पोस्ट पुन्हा वाचा, सगळी कळेल.

पुणेरी_पाहुणा

वाचली पुन्हा. 'तुले बोलानं काम शे' कळलं आणि आता खरंच हसू आलं, नानांमुळे. रागावू नका. घोटलेल्या वांग्याची कृती कोणी देईल का?

फुनके_कढी

त्यासाठी पाककृती विभागात या. इथे दिली तर भरीत आणि घोटलेली भाजी यांत फरक काय यावर शंभर प्रतिसाद पडतील आणि संपादक आम्हालाच झोडतील.

केळीचा_घड

उशिरा आलो. मी स्पर्धा परीक्षेची इंग्रजी घेतो, रावेरला. मुलांसाठी कामाचं तेवढं सांगतो.

स्कॉफच्या पुढे 'ॲट' आला की टिंगल. 'दे स्कॉफ्ड ॲट हिज आयडिया', त्याच्या कल्पनेला हसले. 'ॲट' नाही आणि थेट खायची वस्तू आली की हादडणं, 'ही स्कॉफ्ड द सँडविचेस'. पुढे काहीच नसेल, वाक्य तिथेच संपत असेल, तर बहुतेक वेळा टिंगल धरावी. 'शी स्कॉफ्ड' म्हणजे ती कुत्सितपणे हसली किंवा तसं काही बोलली. आणि परीक्षेत समानार्थी शब्द विचारला तर निन्याण्णव टक्के टिंगलवालाच असतो, मॉक, जीअर, स्नीअर यांच्या रांगेतला. खाण्याचा अर्थ अनौपचारिक आहे, गोष्टींत आणि बोलण्यात भेटतो, निबंधात लिहू नये.

तापीकाठ

घडसाहेब, हेच पाहिजे होतं. पुतण्याला 'ॲट'चा नियम सांगितला. त्याने लगेच विचारलं, 'ही स्कॉफ्ड ॲट द केक' म्हटलं तर केकला हसला, मग खाल्ला की नाही?

केळीचा_घड

वाक्यात नाही सांगितलेलं. पण पोरगा चोपड्याचा असेल तर खाल्ला.

दादरनी_भाकर

हासीसन खादा. दोन्ही करना.

संपादक

अहिराणीतले खाण्याचे आणि चिडवण्याचे शब्द गोळा करायला वेगळा धागा उघडला आहे, 'बोलीभाषा' विभागात. तालुका लिहायला विसरू नका, कारण शिरपूरचा शब्द चाळीसगावला तसाच असेल असं नाही. शिव्या फुल्या टाकून लिहाव्यात. आखाजीच्या बारमधल्या ओळी चालतील, पण संपादकांच्या गावाचं नाव त्यात येता कामा नये.